पासंग

"काहीच फरक नाही?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"नाही," काटेकाका म्हणाले.

"अहो, चार घास जास्त जेवता की!" बायको म्हणाली.

"तू वाढतेस म्हणून."

तराजू दुरुस्त करण्यात हयात गेली, म्हणून काटेकाका. तीन वर्षांपूर्वी उदासी घरात शिरली आणि ठाण मांडून बसली. चार औषधं हरली. मग तपासणीत ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, सतत चढलेलं सापडलं आणि ते उतरवणारी गोळी सुरू झाली. सगळ्यांना लागू पडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आज सहा आठवडे झाले. फरक नसेल तर गोळी बंद, आणि पुढे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हार्मोन तर उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "आधीच्या गोळ्या हलक्या पारड्यात भर घालत होत्या. ही जड पारडं हलकं करते. अजून आठवडाभर बघू. मग ठरवू."

"म्हणजे आधीचा सगळा पासंग," काका पुटपुटले.

"काय तो?"

"तराजू एका बाजूला झुकत असला, की दुसऱ्या बाजूला खडा बांधतात. काटा सरळ दिसतो. खोट तशीच राहते."

आज स्वारीने एका दमात एवढं बोलावं! बायको बघतच राहिली.

परतताना कोपऱ्यावरच्या धान्यवाल्याने हाक मारली, "या काटेकोर!" काका रोज इथून जात, मान खाली घालून. आज थबकले. तराजूच्या डाव्या पारड्याखाली दोऱ्याने खडा बांधलेला होता.

"हा कुणी लावला?"

"तुम्हीच की! तीन वर्षं झाली."

गाठ त्यांचीच होती. पासंग लावतो तो कारागीरच नव्हे, असं आयुष्यभर ऐकवणाऱ्या माणसाची.

"सोडा तो."

"अहो, काटा झुकेल!"

"झुकू दे." मग बायकोकडे वळून, "कानस कुठंय?"

"कॉटखाली. गंजली असेल."

"आण."

ती जवळजवळ पळतच गेली.

काका पोत्यावर बसून जड पारड्याची कड घासू लागले. दोनदा चक्कर आली, दोनदा थांबले. गुडघ्यावर पितळेची भुकटी साचली. पारडं टांगलं तेव्हा काटा केसभर कललेलाच होता.

"चालेल हो काका, कोण बघतंय!" धान्यवाला म्हणाला.

"अजून थोडं आहे," काका म्हणाले आणि त्यांनी पारडं पुन्हा खाली काढलं.

सोडलेला खडा बायकोच्या मुठीत होता.