फ्रिजवरचा कागद

"तो कागद काढ आधी," लिनेट म्हणाली. हातातली बॅगही तिने अजून खाली ठेवली नव्हती. "आईच्या घरात पाऊल टाकलं की हे वाचायचं? छाती दाबू नका, घशात नळी घालू नका... किराण्याची यादी आहे का ही?"

"यादीच आहे," माझी सासू नोरीन म्हणाली. "नको असलेल्या वस्तूंची."

ब्रेट, म्हणजे माझा नवरा, ताटातल्या बटाट्यांवरून मान वर करायला तयार नव्हता. मी आमच्या आयव्हीजवळचा चहाचा कप मागे सरकवला. तीन वर्षांच्या मुलीचा हात टेबलावर कुठवर पोचतो, ते मी सतत मोजत असते.

लिनेट ही ब्रेटची मोठी बहीण. वर्षातून दोनदा मेलबर्नहून समुद्र ओलांडून टास्मानियाला येते आणि आल्याआल्या घरातल्या चुका काढते. या खेपेची चूक मी होते.

"पोटची दोन लेकरं धडधाकट असताना आईच्या जिवाचा निर्णय हिच्या हातात? काल आलेल्या पोरीच्या?"

"सहा वर्षं झाली," मी म्हणाले.

"मांजर बारा वर्षं आहे या घरात. त्याला का नाही दिला अधिकार?"

"मांजराला वाचता येत नाही," नोरीन म्हणाली. "ग्रेव्ही घे."

"हिला घर हवंय, आई. तुला कसं दिसत नाही?"

"घर तुम्हा दोघांना अर्धं अर्धं. मृत्युपत्राची प्रत पाठवली होती तुला. पाकीट तरी फोडलंस का?"

लिनेटने बॅग खाली ठेवली. माझ्याकडे मात्र बघत राहिली.

नोरीनने हे सगळं एप्रिलमध्ये केलं होतं. हृदय थकलंय, फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन वकिलाकडे गेली; तिला बोलता येईनासं झालं तर तिच्या वतीने निर्णय मी घ्यायचा, असं लिहून दिलं. साक्षीला नातेवाईक चालत नाहीत, म्हणून गावचा खाटीक आणि पोस्टातली बाई. "आता वर्तमानपत्रात द्यायला नको," बाहेर आल्यावर ती म्हणाली. डॉक्टरांच्या सहीचा कागद तिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून फ्रिजवर लावला. इथे रुग्णवाहिकेची माणसं घरात शिरली की आधी फ्रिजकडे बघतात.

"पण मी का?" मी गाडीत विचारलं होतं.

"लिनेट मला जाऊ देणार नाही. ब्रेट कुणाला नाही म्हणणार नाही. तू भित्री आहेस. भित्रं माणूस कागद दोनदा वाचतं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

एकतीस वर्षं ती गावच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. वॉर्डांतली मळकी कापडं आधी तिच्या हातात यायची. माणूस झोपेत गेलं की त्याला ओढून धरलं होतं, हे तिला चादर उलगडताच समजे. "डॉक्टर घरी जातात गं," ती म्हणायची. "चादर आमच्याकडे येते." एवढं एकच भय तिला होतं. मरणाचं नाही, त्या ओढाताणीचं.

घरी चादरीची घडी ती एकटीने कधीच घालत नसे. दोन माणसं, चार टोकं, एकदा ताणायची, मग चालत समोरासमोर यायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं. माझी टोकं जुळली नाहीत तर ती काही न बोलता पुन्हा झटकायची.

सोमवारी सकाळी लिनेट कॉफीचा मग घेऊन फ्रिजसमोर उभी होती. कागद वाचत नव्हती, नुसती बघत होती. मी पाव घ्यायला आत आले तर म्हणाली, "रोज सकाळी बघत असशील ना, कधी उपयोगी पडतोय ते?"

मी पाव घेऊन बाहेर गेले. ती अंघोळीला गेल्यावर आयव्हीने काढलेलं पेंग्विनचं चित्र घेतलं आणि कागदावर लावून टाकलं. भांडण नको म्हणून. निदान ती परत जाईपर्यंत.

नोरीनच्या नजरेतून ते सुटलं नाही. "पेंग्विनला चार पाय?"

"दोन त्याच्या बाळाचे आहेत म्हणे."

"बरं." तिने लोहचुंबक जरा सरळ केलं. "खाली काय आहे ते तुला ठाऊक आहे. झालं तर मग."

बुधवारी दुपारी वारा सुटला होता. नोरीन दोरीवरच्या वाळलेल्या चादरी काढायला गेली. एक टोपलीत घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसल्यासारखी खाली गेली. टोपली आधी पडली. मग ती.

लिनेट माझ्याआधी पोचली. "श्वास नाहीये! फोन कर!"

मी फोन लावला. पलीकडची बाई शांत आवाजात सांगत गेली, छातीच्या मधोमध, जोरात, मी मोजते. फोन स्पीकरवर होता. लिनेट गुडघ्यांवर बसून दाबू लागली. आयव्ही दारात आली, तिला मी कडेवर घेतलं आणि तिचं तोंड माझ्या मानेत लपवलं. फ्रिज माझ्यापासून तीन पावलांवर होता. त्या बाईला मी एक वाक्य सांगायला हवं होतं. लिनेटने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते वाक्य बोलले नाही.

मग तो आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. लिनेट थांबली नाही. तिच्या नाकातून पाणी गळत होतं.

सहा मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं.

रुग्णवाहिकेतून दोघे जण आले, एक बाई आणि एक पुरुष. तो लिनेटच्या शेजारी बसला. बाईने पेटी उघडता उघडता फ्रिजकडे पाहिलं. तिथे फक्त पेंग्विन होता.

"काही कागद केलेत का यांनी?"

"काही नाही," लिनेट ओरडली. "सगळं करा! काय लागेल ते करा!"

पेटीतून नळी बाहेर आली. मी आयव्हीला खाली ठेवलं. ती रडायला लागली. फ्रिजपाशी जाऊन मी लोहचुंबक ओढलं, चित्र काढलं.

"हा आहे," मी म्हणाले. "आणि यांनी नेमलेली मी."

बाईने नाव वाचलं, सही वाचली, पुन्हा नाव वाचलं. मग लिनेटच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा आता."

लिनेटचे हात तिच्या आईच्या छातीवर तसेच राहिले.

ब्रेट शेतावरून धावत आला तेव्हा पेटी बंद झाली होती. त्याने आयव्हीला उचललं आणि अंगणात निघून गेला.

संध्याकाळी नोरीनला नेल्यावर मी बाहेर आले. दोन चादरी अजून दोरीवर फडफडत होत्या. मी पहिलीचे चिमटे काढत होते तोच लिनेट आली आणि दुसरी दोन टोकं तिने धरली.

"बरगडी मोडली," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली."

"मी ऐकलं."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

मी शेवटचा चिमटा काढला.

तिने चादर ताणली. मीही ताणली. चालत समोरासमोर आलो. तिची टोकं बरोब्बर जुळलेली, माझी बोटभर पुढेमागे. तिने बघितलं. मग माझ्या हातातून ती टोकं घेतली, बोटाला बोट लागू न देता, आणि चादर पुन्हा झटकून उघडली.

"पुन्हा," लिनेट म्हणाली.