नऊ ठोकळे आणि दोन मिनिटे

मी एक जुने स्टॉपवॉच आहे, मित्रांनो, आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. घड्याळाने शांत असावे म्हणतात. असो! आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यात मला धावपटूंसाठी घडवले, पण नशिबाने मेंदूचा अभ्यास करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या हाती दिले. मेंदूला मार बसलेल्या माणसापुढे बाई नऊ रंगीत ठोकळे ठेवत. चित्रातल्यासारखी नक्षी त्याने जुळवायची. मला मात्र त्या टेबलाखाली धरत. "घड्याळ दिसलं की भलाभला गडबडतो," असे त्यांचे म्हणणे.

एका शिंप्याला अकरा मिनिटे लागली. शेवटचा ठोकळा बसला तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. बाईंनी वहीत लिहिले, 'बरोबर.' मेंदूची एक वाट बुजली की तो दुसरी शोधतो, उशिरा का होईना पोहोचतो, हे त्यांनी तीस वर्षे अशा माणसांपाशी बसून दाखवून दिले.

इस्पितळातल्या विभागप्रमुखांना मात्र सकाळी बारा पेशंट उरकायचे असत.

"दोन मिनिटांत आलं तर पास, नाहीतर नापास," ते म्हणाले.

"अहो सर, पण त्यांना येतंय!"

"बाई, जेवायला जायचंय की नाही?"

जेवणाच्या सुट्टीसाठी काढलेला तो नियम छापील फॉर्मवर चढला आणि शास्त्र होऊन बसला! बाई भांडभांड भांडल्या, निवृत्त झाल्या. फॉर्म राहिला, आणि मीही तिथेच. साहेब नामानिराळे, आणि माणसांना नापास कोण करणार? मी!

गेल्या आठवड्यात बाई परत आल्या, पेशंट होऊन. अर्धांगाचा झटका आला होता. पास झाल्या तर उपचार चालू राहणार, नापास झाल्या तर बंद. नव्या डॉक्टरांनी मला थेट त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवले. उजवा हात लुळा होता. डाव्या हाताने त्यांनी दोन मिनिटांत पाच ठोकळे लावले. पाचही बरोबर.

"वेळ झाली, आजी." डॉक्टर ठोकळे गोळा करू लागले.

बाईंनी ठोकळ्यांवर पंजा ठेवला. "माझं... चाललंय... अजून."

"अहो, होत आलंय तिचं!" सोबत आलेली लेक ओरडली.

"नियम आहे, ताई." डॉक्टरांनी बाईंचे एकेक बोट अगदी हळुवारपणे उचलून बाजूला केले आणि शेरा लिहिला: सुधारणा शक्य नाही.

चार ठोकळे उरले होते, मित्रांनो. फक्त चार! आणि माझा मेला काटा अडकलासुद्धा नाही.

तुमच्या घरात, वर्गात कुणी अडखळत बोलत असेल, एखादा शब्द शोधत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. मला खिशात टाका. तोंड मिटा आणि थांबा. तेवढेही जमत नसेल, तर नापास तुम्ही आहात.