चमच्याचमच्यानं

क्रिसांतोची होडी कधी अर्ध्यातून माघारी फिरत नाही, असं बेटावर सगळेच म्हणत, आणि तोही मिशीतल्या मिशीत हसून ऐकून घेई. अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेले गडी, लग्नाची वऱ्हाडं, विकायची डुकरं, सगळ्यांना त्यानं पलीकडच्या शहरात सुखरूप उतरवलं होतं. पण त्या शनिवारी ईशान्येचा वारा असा काही सुटला की बेटाचा किनारा अजून हाकेच्या अंतरावर असतानाच लाटेनं होडीला तोल देणारा बाजूचा बांबू मोडला. आत शेजारची नेनिता दहा महिन्यांच्या बोयेटला छातीशी आवळून बसली होती. पोराला कालपासून जुलाब आणि उलट्या होत होत्या. क्रिसांतोनं मान खाली घालून होडी वळवली.

वाळूत त्याची मुलगी लुवी उभी होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीसाठी घरी आली होती. तिनं पुढे होऊन बोयेटला हातात घेतलं, डोक्यावरची टाळू चाचपली, आत गेलेले डोळे बघितले आणि म्हणाली, "घरी चल नेनिता. इथंच सुरुवात करू."

क्रिसांतोची नजर तिच्या हातांकडे गेली. मुलांच्या वॉर्डातली ड्युटी लागली तेव्हा हीच पोरगी फोनवर रडली होती. "ताताय, बाळ रडलं की माझे हात कापतात. मला नाही जमणार." तो म्हणाला होता, "ये घरी, इंदाय. आईबरोबर मासे विक." तेव्हा ती आली नव्हती. पण तिचे हात कापायचे थांबले की नाही, हे विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं. गावची नर्सही पलीकडे अडकलेली. म्हणजे जे काही करायचं ते आता या पोरीनंच.

नेनिताची सासू, लोला इस्टिंग, दारातच बसली होती. "सकाळपासून दूधपाणी बंद ठेवलंय मी," ती म्हणाली. "पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार?"

"लोला, बाहेर येतंय ते त्याच्या अंगातलंच पाणी आहे," लुवी म्हणाली. "ते परत भरायला नको का?"

तिनं बोयेटच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच राहिली, मग आळसावल्यासारखी हळू बसली. नेनिता लुवीच्या तोंडाकडे बघत होती.

"ताताय, दुकानातून जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेची पाकिटं आणा. आणि उकळून गार केलेलं पाणी. लिटरच्या बाटलीनं मोजून बरं का, तुमच्या अंदाजानं नको."

होडीत सगळ्यांना हुकूम सोडणारा क्रिसांतो निमूट उठला.

पाकीट विरघळवलेल्या पाण्याचा पहिला चमचा ओठाला लागताच बोयेटनं तो दोन्ही हातांनी ओढला आणि अधाशासारखा प्याला. लुवीचा चेहरा थोडा सैल झाला. "मागून मागून पितोय. म्हणजे अजून हातात आहे. मान टाकली असती, गिळलंच नसतं, तर तातायना मी याच समुद्रात परत ढकललं असतं."

"मी गेलो असतो," क्रिसांतो म्हणाला.

"माहितीय मला."

थोड्याच वेळात पोरानं सगळं ओकून टाकलं, लुवीच्या खांद्यावरून थेट चटईवर.

"बघ," लोला म्हणाली. "सांगत होते मी."

लुवीनं तोंड पुसलं, त्याचं आणि मग स्वतःचं. जरा वेळ त्याला नुसतं थोपटलं आणि पुन्हा चमचा भरला, या वेळी आणखी सावकाश. पोरगं किंचाळत होतं. क्रिसांतोची नजर चमच्यावर खिळली होती. पाणी काठोकाठ होतं आणि थेंबही सांडत नव्हता.

दुपार अशीच गेली. चमचा, थांबणं, पुन्हा चमचा, मध्ये आईचं दूध. नेनितानं हात पुढे केला की लुवी तिला चमचा देई आणि शेजारी बसून शिकवी, "घाई नको गं. तो गिळेपर्यंत थांब." आणखी एकदा उलटी झाली, ती थोडीच. लोला इस्टिंग आधी पाठ फिरवून बसली होती, मग हळूच वळली, मग स्वतःच पंख्यानं वारा घालू लागली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा लुवी एकदम ताठ झाली. मांडीवरून काहीतरी ऊन ऊन ओघळत होतं.

"मुतला," ती म्हणाली. "नेनिता, मुतला गं तुझा लेक."

नेनिता हसली आणि त्याच श्वासात रडली. लोलानं कपाळाला हात लावला. "माझ्या सहा पोरांनी मला भिजवलं, पण इतका आनंद एकदाही झाला नव्हता बाई." बोयेट लुवीच्या ओल्या फ्रॉकवरचं बटण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पकडायचा प्रयत्न करत होता.

सकाळी वारा पडला. क्रिसांतोनं बांबू बांधून घेतला होता. लुवीचा हट्ट होता की पोर बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. पलीकडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोयेटला उलटसुलट तपासलं, झिंकच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "पाणी कोणी पाजलं?"

"आम्ही दोघींनी," नेनिता म्हणाली.

धक्क्यावर होडीवाले जमले होते. त्यांतल्या एकानं क्रिसांतोला टोमणा मारला. "काल म्हणे माघारी फिरलास? म्हातारा झालास की काय?"

"फिरलो तर," क्रिसांतो म्हणाला आणि ऐसपैस मांडी घालून बसला. "का फिरलो ते ऐक. तुला वेळ आहे ना?" लुवी मागून म्हणाली, "ताताय, चला आता." पण त्यानं न ऐकल्यासारखं केलं. लाटांची उंची त्यानं नारळाच्या झाडाएवढी केली. मुलीबद्दल मात्र एक शब्दही वाढवून सांगितला नाही.