जाळीवरचा लेप

शंभूने आयुष्यभर खाणीवर ट्रक हाकला. दसऱ्याला फूल वाहिल्याशिवाय त्याने कधी चावी फिरवली नाही. म्हणून यंदा दसऱ्याला तो पेडण्याजवळच्या पार्श्याहून मुद्दाम डिचोलीला आला आणि मुलाच्या, गौरेशच्या, प्रयोगशाळेतल्या पेटीच्या झाकणावर हळदकुंकू लावून त्याने झेंडू ठेवला.

पेटीत क्षाराच्या पाण्यात निकेलची जाळी बुडवलेली होती, आणि जाळीवर गौरेशने बनवलेला उत्प्रेरकाचा लेप. वीज सोडली की पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे निघत. बुडबुडे कोणीही काढील. लेप किती टिकतो, तीच खरी परीक्षा.

दसरा सरला. गौरेशच्या मार्गदर्शक प्रभावतीबाई पाहुण्यांना पेटी दाखवायला घेऊन आल्या, नेमक्या त्याच सकाळी बुडबुडे मंदावले. पाण्यात काळे पापुद्रे तरंगू लागले. मुलाचे कौतुक ऐकायला पुन्हा आलेला शंभू दाराशीच उभा होता.

"काय झालं रे?" बाईंनी विचारले.

"बाबांनी हळदकुंकू घातलं!" गौरेशच्या तोंडून निघून गेले. "यांना सगळी यंत्रं ट्रकच वाटतात."

पाहुणे हसले. शंभूने हात जोडले, "चुकलं माझं," म्हणाला आणि निघून गेला.

सगळे चहाला गेल्यावर गौरेशने जाळी भिंगाखाली धरली. लेप सुटला होता तिथे अंगठ्याच्या रेघा उमटल्या होत्या. लेप चढवण्याआधी जाळी धुवायची, हातमोज्यांनीच धरायची. पण दसऱ्याचा मुहूर्त गाठायच्या घाईत त्यानेच ती उघड्या हाताने उचलली होती. अंगठा त्याचाच होता.

तो स्टँडावर धावला. शंभू पेडण्याच्या बसपाशी उभा होता.

"बाबा, चूक माझी. तुमचं फूल झाकणाच्या वरच होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं."

शंभूने वर पाहिले नाही. "चार माणसांत वराडलंस, पुता. नि हंयसर माका एकट्याक सांगतंस?"

गौरेशने त्याचा हात धरला. "चला ना माझ्याबरोबर."

"माका कित्याक? तोंड तुझा, पाय तुझे."

गौरेश परतला तेव्हा पाहुणे निघायच्या तयारीत होते.

"बाई, मघाशी मी खोटं बोललो," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, आणि जाळी पुढे केली. "हा माझ्या अंगठ्याचा ठसा."

आता कोणी हसले नाही. बाईंनी चिमट्याने जाळी उचलून नीट पाहिली.

"वडील कुठं आहेत?"

"बस सुटली असेल," गौरेश म्हणाला. त्याला मान वर करता आली नाही.