माझा सेकंद लांबला तेव्हा

मला सगळे बंदूक म्हणतात, मित्रांनो, पण माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. मी सोडते त्या लहरी, आणि त्याही डोळ्यांना न दिसणाऱ्या. धावत्या वस्तूवर आपटून त्या परत येतात, तेव्हा त्यांच्या कंपनांत फरक पडलेला असतो. एका सेकंदात तो फरक किती, हे मी मोजते आणि वेगाचा आकडा पाठीवरच्या काचेत लाल रंगात उमटवते. आता मी जुनी झाले आहे. मुठीवरची चिकटपट्टी सुटत चालली आहे, पण मोजणे अजून ठीक आहे. मध्यंतरी ते ठीक नव्हते, त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म कॅन्ससमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या बहुतेक बहिणी पोलिसांकडे गेल्या. मी केल्टन गावच्या 'हेरन्स' या व्यावसायिक बेसबॉल संघाकडे आले. माझ्या पेटीत एक नादकाटा होता. तो बुटाच्या टाचेवर आपटायचा, कंप पावत असताना माझ्यासमोर धरायचा, आणि मी बरोबर साठ दाखवायचे. साठ आले तर माझ्यावर विश्वास ठेवावा. माझे धनी व्हर्न हॅडलॉक हे पिचरांचे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यांचे, प्रशिक्षक. सलग आठ वर्षे त्यांनी सकाळच्या कॉफीआधी ही तपासणी केली. त्या काळात मी कोणाला फारसे खूश केले नाही, पण कोणाला फसवलेही नाही.

१९८८च्या फेब्रुवारीत संघ सराव शिबिरासाठी फ्लोरिडाला निघाला. मागच्या मोसमात आम्ही एकशे बासष्टपैकी शंभर सामने हरलो होतो. नव्या मोसमाची सगळी आशा एलाडिओ फ्रियास या डोमिनिकन पिचरवर होती. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्याचा जुना वेग परत येतो की नाही, हेच सर्वांना पाहायचे होते.

तिथे सामान उतरवताना मी पेटीसकट मालट्रकमधून खाली पडले. कोणाच्या लक्षात आले नाही. पहिल्या सकाळी गडबडीत व्हर्न तपासणी विसरले, आणि एलाडिओच्या पहिल्याच जोरदार चेंडूला मी ताशी सत्त्याण्णव मैल दाखवले. मैदानावर टोप्या उडाल्या.

बेसबॉलच्या खेळाडूंचा एक नियम कुठल्याही पुस्तकात नाही: सगळे छान चालले असेल, तर कशालाही हात लावायचा नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी व्हर्ननी नादकाटा काढताच चार जणांनी तो पुन्हा पेटीत ठेवायला लावला. मग मी रोज चांगल्या बातम्या देत राहिले. बाराच्या बारा पिचरांचा वेग वाढला. मॅनेजर ओरिन पास्क यांनी त्याचे श्रेय धावण्याच्या नव्या व्यायामाला दिले. गावच्या वर्तमानपत्राने लिहिले, 'या वर्षी हेरन्स पहिले.' प्रतिस्पर्ध्यांकडे माझ्या जातीच्या बंदुका होत्या, पण आपले आकडे कोण कोणाला दाखवतो? व्हर्नचा हात दोनदा पेटीकडे गेलेला मी पाहिला. दोन्ही वेळा तो परत आला. सत्त्याण्णव त्यांनाही आवडले होते.

संघाची अंतिम यादी लागण्याच्या आदल्या दुपारी एलाडिओ बाकावर येऊन बसला.

"कोच, तो काटा कुठंय?"

"ए, नको!" पिचरांचे चेंडू झेलणारा कॅचर डूली ओरडला. "मस्त चाललंय ना सगळं? मी तर पहिल्या दिवसापासून मोजेसुद्धा धुतले नाहीत. म्हणून सराव सामने जिंकतोय आपण."

"म्हणूनच कोणी तुझ्या शेजारी बसत नाही," एलाडिओ म्हणाला आणि व्हर्नकडे वळला. "कोच, आपला सर्वांत जुना पिचर मर्विन एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याचाही वेग वाढला. बाराच्या बारा जणांचा वाढला. आमच्या आईनं एकदा बाजारातून बारा भोपळे आणले. बाराही मागच्या खेपेपेक्षा जड. ती म्हणाली, भोपळे राहू देत, आधी भोपळेवाल्याचा तराजू बघा."

व्हर्ननी पेटी मांडीवर ओढली. "आकडा खाली आला तर ओरिन तुला खालच्या संघात धाडेल. कळतंय का?"

"आणि खाली नाही आला तर पहिल्या सामन्यात अख्खे नऊ डाव सत्त्याण्णवनं टाकायला लावेल. कोपर ठणकतंय, कोच. दोन आठवडे झाले. कोणाला बोललो नाही."

व्हर्ननी काटा टाचेवर आपटून माझ्यासमोर धरला. मी चौसष्ट दाखवले.

पडल्यामुळे माझ्या आतल्या घड्याळाचा ठेका मंदावला होता. माझा सेकंद लांबला होता. लांबलेल्या सेकंदात जास्त कंपने मोजली जात होती, म्हणून प्रत्येक वेग फुगत होता. व्हर्ननी पेन्सिल काढली. सत्त्याण्णव गुणिले साठ, भागिले चौसष्ट.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले. "तेही जेमतेम."

तेवढ्यात मॅनेजर आले. "काय रे, मयताला बसल्यासारखे काय बसलात?" आकड्याचे आणि कोपराचे कळल्यावर त्यांनी काटा स्वतः तीनदा आपटला. तिन्ही वेळा चौसष्टच आले. "म्हणजे आपण पहिले येणार नाही, व्हर्न?"

"चौथे. फार तर तिसरे, मर्विनची पाठ टिकली तर."

"आणि ते एकोणीस?" एलाडिओने विचारले.

"कुठले एकोणीस?"

"तीन सराव सामन्यांत मी बाद केलेले. ते काही बंदुकीनं बाद केले नाहीत ना?"

मॅनेजरनी टोपी काढून डोके खाजवले. "एक्क्याण्णवनं एकोणीस?" मग ते हसायलाच लागले. "पहिल्या सामन्यात तूच टाकायचंस. पण मोजून सत्तर चेंडू. एकाहत्तरावा टाकलास तर भर मैदानातून कान धरून नेईन. आणि व्हर्न, याला संथ चेंडू शिकव. ठणकणाऱ्या हाताचे हाल करणारा मॅनेजर नाही मी."

दुरुस्ती होऊन मी परतले तेव्हा मोसम सुरू झाला होता. एलाडिओ नव्वद, एक्क्याण्णव, मधूनच अठ्ठ्याहत्तर असे टाकत होता, आणि फलंदाज बॅट फार लवकर फिरवून स्वतःवरच चिडत होते. आम्ही तिसरे आलो. एलाडिओ पुढे नऊ वर्षे खेळला, आणि त्या कोपराला पुन्हा कधी सुरी लागली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी साधने तुमच्याही घरात असतील: तराजू, घड्याळ, ताप मोजायची नळी. त्यांना पुसून नीट ठेवा, पडली तर तपासा. वाईट आकडा दाखवला की लोक आम्हाला लगेच ठोकून पाहतात. माझी विनंती उलटी आहे. ज्या दिवशी मी तुम्हाला हवा तोच आकडा दाखवीन, त्या दिवशी आधी मला तपासा, आणि मग खुशाल टोप्या उडवा.