प्रा. क्रूगर स्वतःचा पॉडकास्ट ऐकतात

प्राध्यापक एल्डन क्रूगर यांचा पॉडकास्ट शेवटपर्यंत ऐकलेला एकही माणूस अमेरिकेतल्या पूर्व मोंटानात सापडत नव्हता. खुद्द क्रूगरांनीही तो ऐकलेला नव्हता.

कॉलेजने फर्मान काढलं होतं, की प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमाला पॉडकास्ट हवाच. विद्यार्थी गुरांच्या लांबलांबच्या रँचवर आणि तेलविहिरींवर पसरलेले. बिचारे गाडीत ऐकतील, गोठ्यात ऐकतील. क्रूगरांनी हुकूम पाळला. भूशास्त्राच्या वर्गात पडद्यावर दाखवायची चित्रं समोर ठेवली, माइक लावला आणि वर्गात जे बोलत तेच बोलून टाकलं. "आकृती चार पाहा. हा थर याच्यापेक्षा जुना. का, ते उघडच आहे." आकृती अर्थातच पॉडकास्टमध्ये नव्हती. पण फर्मानात आकृतीचा उल्लेख नव्हता.

एके दिवशी जोलीन सॅदर या विद्यार्थिनीचा निरोप आला. जोलीन वृद्धाश्रमात मदतनीस होती. तिला नर्सिंगला प्रवेश हवा होता आणि त्यासाठी विज्ञानाचा हा एकच विषय सुटायचा राहिला होता. तिने लिहिलं होतं : "प्रोफेसर, गाडी चालवताना आकृती चार पाहू, की रस्ता? नापास झाले तर प्रवेश कायमचा गेला. म्हणून शुक्रवारी विषय सोडून देते. एक वर्ष वाया जाईल, पण निदान दार उघडं राहील."

क्रूगरांनी तो निरोप स्टाफरूममध्ये रोवेना मॅक्फी यांना वाचून दाखवला. रोवेनाबाई आता वक्तृत्व शिकवत. त्याआधी त्यांनी उभी हयात गावच्या रेडिओवर गुरांचे भाव आणि मयतांची नावं सांगण्यात घालवली होती. दोन्ही गोष्टी लोक कानात प्राण आणून ऐकत.

"हा उद्धटपणा बघ!" क्रूगर म्हणाले. "शिकायचं तर माणसानं टेबलाशी बसावं."

"टेबलाशी बसायला वेळ असता तर ती ऑनलाइन कशाला आली असती, एल्डन?"

"अगं, पण भूशास्त्र हा डोळ्यांचा विषय आहे!"

"लग्नाआधी तू मार्थाशी तासन्‌तास फोनवर बोलायचास. तेव्हा कुठली आकृती दाखवत होतास?"

क्रूगरांनी कॉफीत साखर घातली. ते कॉफी बिनसाखरेची पीत.

दुसऱ्या दिवशी दोघांना शेजारच्या गावी बैठकीला जायचं होतं. "गाडी तू चालव," रोवेनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला फोन क्रूगरांच्या पिकअप गाडीच्या स्पीकरला जोडला. गाडीत क्रूगरांचाच आवाज घुमू लागला. पहिली दोनचार वाक्यं क्रूगरांना आवडली. मग त्यांना जांभई आली. आपल्याच व्याख्यानाला आलेली जांभई दाबणं फार कठीण असतं.

एवढ्यात आवाज म्हणाला, "आता डावीकडे पाहा. किती स्पष्ट दिसतंय!"

क्रूगर आयुष्यभर स्वतःचंच ऐकत आलेले. त्यांनी डावीकडे पाहिलं.

पिकअपने रस्ता सोडला आणि ती बर्फाने भरलेल्या चरात जाऊन रुतली. कुणाला खरचटलंही नाही. आतला आवाज मात्र निर्विकारपणे पुढचा थर समजावून सांगत होता.

रोवेनाबाईंनी तो बंद केला. "काय दिसलं?"

"बर्फ."

"जोलीनही रोज याच रस्त्याने जाते. मागच्या सीटवर तिच्या दोन पोरी असतात."

क्रूगरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! आणि मी तिला डावीकडे बघायला सांगतोय!"

"रेडिओवर मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं," रोवेनाबाई म्हणाल्या. "ऐकणारे कितीही असोत, बोलायचं एकाशी. त्याचे हात कामात आहेत, डोळे कामात आहेत. उरलाय तो कान, आणि तो त्याने तुझ्या हवाली केलाय. त्यात तू काय घालतोस? आकृती चार!"

"मग काय घालू?"

"मला काय विचारतोस? दगडांचा डॉक्टर तू."

गाडी ओढायला ट्रक यायला अवकाश होता. समोर लाल माथ्याची टेकडी उभी होती. क्रूगरांनी सीटखालचा हातोडा काढला, फोन घेतला आणि ते चढाला लागले. मग फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून बोलू लागले :

"नमस्कार. तुमचे डोळे तुमच्याकडेच राहू द्या, मला फक्त कान हवेत. हा ऐका." *भद्द.* "ही साधी चिखलाची शिळा. आता हा वरचा लाल दगड." *टण्ण!* "कशासारखा वाजला? सांगा. मी गप्प बसतो."

क्रूगर खरोखरच गप्प बसले! त्यांच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत होतं. थोडा वेळ फक्त वारा बोलला.

"बशीसारखा, हो ना? कारण तो भाजलेला आहे. खाली दगडी कोळशाचा थर पेटला आणि वरची माती भट्टीत घातल्यासारखी लाल, टणक झाली. आपल्या रस्त्यांवर पडते ती लाल खडी हीच. तुम्ही आत्ता चाकांखाली माझा धडाच तुडवताय!"

त्याच रात्री त्यांनी हा भाग विद्यार्थ्यांना पाठवला. शुक्रवार आला. जोलीनचा निरोपही आला. "प्रोफेसर, मागच्या सीटवरून धाकटी सारखी ओरडते, 'आई, तो दगड परत वाजव!' विषय सोडत नाही."

मग क्रूगर सुटलेच! जुने सगळे भाग त्यांनी पुसले आणि नदीकाठी, खाणीत, गारठ्यात जाऊन नवे केले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शब्दन्‌शब्द लिहून दिला, आवाजांच्या वर्णनासकट. चित्रं वेगळी ठेवली, सवडीने बघायला. आणि गृहपाठही बोलून पाठवा म्हणाले.

जोलीनने वृद्धाश्रमात केलेला गृहपाठ पाठवला. तिथे ऑर्व्हिल स्टॅग नावाचे म्हातारे रँचवाले होते. "आजोबा, जमिनीखाली कोळसा जळतो म्हणतात, खरं का?" तिने विचारलं होतं.

"खरं का म्हणजे? माझ्या कुरणात जळत होता! थंडीत गायी तिथे शेकत उभ्या राहायच्या. शहाण्या होत्या माझ्यापेक्षा!" मागे अख्खी खोली हसली होती. मग जोलीनने शांतपणे, एकही शब्द न चुकता, जमीन का तापते आणि दगड का वाजतो ते त्या सगळ्या म्हाताऱ्यांना समजावून सांगितलं होतं.

क्रूगरांनी तो गृहपाठ भांडी घासताना ऐकला. संपला तेव्हा त्यांनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि मार्था धावत बघायला आली.

जोलीन पास झाली. नुसती पास नव्हे, वर्गात पहिली! नर्सिंगचा प्रवेश पक्का झाला. पुढच्या सत्रात क्रूगरांचा अभ्यासक्रम असा भरला, की कॉलेजला दुसरी तुकडी काढावी लागली.

तेव्हा शिकवणाऱ्या आणि शिकलेल्या सर्व नागरिकांनो, एवढं ध्यानात घ्या. राबणारा माणूस शिकायला येतो तेव्हा तो आपल्या दिवसातली एक फट आपल्याला उघडून देतो. आपण तिच्यातून आत जावं; फट लहान आहे म्हणून त्याला बोल लावू नये. ज्ञानाला टेबलखुर्ची लागत नाही. ती मास्तरांना लागते.