जुन्या प्लगचा खांब

कवळ्या बनवणाऱ्या बाईंकडे भावाने वापरून दिलेली विजेची गाडी होती. गाडी धडधाकट, पण तिचा चार्जिंगचा प्लग जुन्या घडणीचा. गावभर चार्जिंगचे खांब उभे राहिले, पण बाईंच्या गाडीला चालेल असा खांब एकच, पोहण्याच्या तलावामागे. म्हणून दर शनिवारी अकराला बाई तिथे हजर. त्या एकट्या राहायच्या, कामही घरातच, त्यामुळे आठवड्यात मुद्दाम बाहेर पडणं एवढंच.

त्याच खांबाला आणखी एक गाडी यायची, मोहरीच्या रंगाची. ती बसमधली तिकिटं तपासण्यात हयात घालवलेल्या, आता निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. खांब एक आणि गाड्या दोन, म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने बाकावर बसायचं. ज्याचं आधी व्हायचं तोही, घाई नसल्यामुळे, बसून राहायचा.

प्लग असा अवजड की बाई गुडघा लावून दाबायच्या.

"बाई, एवढ्या लोकांच्या तोंडात दात बसवता," तपासनीस म्हणायचे, "आणि या गाडीच्या तोंडात एक प्लग बसवता येत नाही?"

"माणसं आ करतात हो, साहेब. ही दातखीळ बसल्यासारखी करते."

तपासनीस खिशातून संत्रं काढायचे आणि न विचारता अर्धं पुढे करायचे. विनातिकीट पकडलेल्यांचे किस्से सांगायचे, त्यात बायकोच्या आजारपणाचं एखादं वाक्य अधूनमधून येऊन जायचं. दोन वर्षं असं चाललं. फोन नंबर कुणी कुणाला मागितला नाही. शनिवार होताच की.

मग एक दिवस बातमी आली. सगळ्या गाड्यांना, सगळ्या खांबांना आता एकच प्लग. जुन्या गाडीवाल्यांना अडॅप्टर घरपोच. वहिनीचा लगोलग फोन आला.

"ताई, सुटलात एकदाच्या! आता घराखाली गाडी लावा, वर या, पाय पसरून बसा."

"हो, सुटले," बाई म्हणाल्या.

खांब बदलण्याआधीच्या शनिवारी दोघं नेहमीसारखी बसली. निघताना तपासनीस म्हणाले, "बरं झालं, बाई. तुमची खेप वाचली."

"तुमचीही," बाई म्हणाल्या. यापलीकडे काही बोलायला त्यांची जीभ रेटली नाही. घरी येईपर्यंत त्या स्वतःला बोल लावत होत्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी घराखालच्या खांबाला गाडी लावली. अडॅप्टर लोण्यात सुरी जावी तसा बसला. वर येऊन त्यांनी चहा टाकला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. जिन्यावरून कुणाची तरी पावलं वर गेली, पण दारापाशी थांबली नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी त्या पूर्ण चार्ज झालेली गाडी घेऊन तलावामागे गेल्या. खांबाला नवा प्लग होता. चार अनोळखी गाड्या, आणि काचा वर करून आत मोबाइल बघत बसलेली माणसं. बाकावर कुणीच नाही. बाई तासभर बसल्या आणि परत आल्या.

तिसऱ्या शनिवारी मोहरीच्या रंगाची गाडी दिसली तेव्हा त्या बाकावरून उठून पुढे गेल्या. पण आतून उतरली ती पोहण्याची पिशवी घेतलेली, तिशीतली तरुणी.

"ही गाडी तपासनीस साहेबांची ना?"

"बाबांची होती. मला दिली." तिने निरखून पाहिलं. "तुम्ही कवळीवाल्या बाई का?"

बाईंनी मान हलवली.

"बाबा दादाकडे गेले राहायला. तो कधीचा मागे लागला होता, पण शनिवारी काम असतं म्हणून हे टाळायचे." ती हसली. "कसलं काम हो? अडॅप्टर तर मी वर्षापूर्वीच मागवून दिला होता. डिकीत तसाच पडून होता, पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं."

मुलीने कागदावर नंबर लिहून दिला.

दोन दिवस कागद टेबलावर पडून होता. सोमवारी दुपारी बाईंनी फोन लावला.

"कोण?"

"कवळीवाली बोलतेय."

"अरे वा! बाई!" आवाजात आनंद होता, अगदी खरा. "गाडी काय म्हणते?"

"बरी आहे. तुमचं कसं?"

"मजेत. नातवंडं सोडत नाहीत."

मागून टीव्हीचा आवाज येत होता. अडॅप्टरचं विचारावं असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. विचारलं नाही. बाकावर दोघं गप्प बसली तरी चालायचं, फोनवर मात्र गप्प बसता येईना. कुणीतरी "आजोबा!" म्हणून हाक मारली.

"ठेवतो, बाई. या कधी इकडे."

"येईन ना," बाई म्हणाल्या. त्यांच्या मुलाच्या गावाला जायला गाडीने दोन दिवस लागतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एका म्हातारबांची खालची कवळी उद्या द्यायची होती. बाईंनी दिवा लावला, चष्मा चढवला आणि एकेक दात घासायला घेतला. संध्याकाळी खाली जाऊन पाहिलं तर गाडी दुपारीच भरली होती, आणि काचेवर कुणीतरी चिठ्ठी लावली होती: झालं असेल तर गाडी काढा. बाईंनी गाडी पुढे घेऊन उभी केली आणि जिना चढून वर आल्या.